गणिताच्या तासाचे हेतुकथन

प्राथमिक शाळेत गणिताचा तास सुरू झाला म्हणजे फळ्यावर तारीख, इयत्ता आणि पाठाचे नाव लिहिले जाते. 'आज आपण दशांश अपूर्णांक शिकणार आहोत' असे एक वाक्य उच्चारून शिक्षक पहिले उदाहरण सोडवू लागतात. अध्यापनशास्त्राच्या परिभाषेत या वाक्याला 'हेतुकथन' म्हणतात. शिक्षक-प्रशिक्षणाच्या पाठ टाचणात प्रस्तावनेनंतर हेतुकथनाला ठरावीक जागा असते. तथापि वरील वाक्यातून पाठाचे नाव तेवढे कळते, हेतू कळत नाही. तास संपल्यावर आपल्याला नेमके काय करता आले पाहिजे आणि ते करता येऊ लागले हे कशावरून ओळखावयाचे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मुलाला मिळालेली नसतात.

इतर विषयांच्या मानाने गणितात ही उणीव अधिक जाणवते. गोष्ट किंवा इतिहासाचा प्रसंग ऐकताना मुलाला पुढचा रस्ता आपोआप दिसत जातो. गणितात मात्र पायऱ्या एकामागून एक येत राहतात आणि त्या कोठे नेत आहेत हे ठाऊक नसलेले मूल प्रत्येक पायरी नुसती उतरवून घेते. उत्तर चुकले की 'आपल्याला गणित येत नाही' असा निष्कर्ष ते काढते. प्रत्यक्षात त्याला गणित येत नसते असे नव्हे, आपल्याकडून काय अपेक्षित आहे हेच त्याला समजलेले नसते. ज्याच्या घरी समजावून सांगणारे कोणी नाही, त्या मुलाचे यात सर्वाधिक नुकसान होते.

उद्दिष्टांचा प्रवास

पाठाचा हेतू आरंभी सांगावा हा विचार नवा नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट (१७७६-१८४१) यांच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या रूढ केल्या. 'हर्बार्टची पंचपदी' या नावाने त्या आपल्या अध्यापक विद्यालयांत अनेक पिढ्यांनी अभ्यासल्या आणि हेतुकथन हे त्याच परंपरेचे देणे होय. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेत बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याच दशकाच्या अखेरीस ब्लूम भारतात आले आणि परीक्षा-सुधारणेच्या कार्याला त्यांच्या विचारांनी चालना मिळाली. ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य ही उद्दिष्टे व त्यांची स्पष्टीकरणे यांनी आपल्या पाठ टाचणांत स्थान मिळविले ते याच विचारातून. १९६२ मध्ये रॉबर्ट मेगर यांनी उद्दिष्टे कशी लिहावीत याविषयी छोटे पुस्तक लिहिले. विद्यार्थी काय करू शकेल, कोणत्या परिस्थितीत आणि किती अचूकपणे, हे उद्दिष्टात स्पष्ट असावे, असा त्यांचा आग्रह होता.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रा. आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये प्राथमिक स्तरासाठी किमान अध्ययन क्षमता निश्चित केल्या. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन इयत्तानिहाय व विषयनिहाय अध्ययन निष्पत्तींना स्थान मिळाले आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्या प्रसिद्ध केल्या. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन-लेखन व संख्याज्ञान प्राप्त व्हावे असे ध्येय ठेवले आणि त्यासाठी २०२६-२७ ही कालमर्यादा घालून दिली.

उद्दिष्टांचा हा प्रवास समितीच्या अहवालातून अभ्यासक्रमात, अभ्यासक्रमातून पाठ्यपुस्तकाच्या प्रारंभीच्या पृष्ठांवर आणि तेथून शिक्षकांच्या टाचण वहीत असा झाला. अखेरचा टप्पा, म्हणजे टाचण वहीतून मुलाच्या मनापर्यंतचा, बहुतेक ठिकाणी राहून गेला. उद्दिष्ट ज्याच्यासाठी ठरविले त्यालाच ते ठाऊक नसावे, ही विसंगती दूर करण्यास कोणताही खर्च येत नाही.

शिवारातील गणित

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) आणि तिच्या आसपासची गावे धानाच्या पट्ट्यात मोडतात. धानाच्या बांध्या, त्यांचे धुरे, पावसाळ्यातील रोवणी आणि जुने मालगुजारी तलाव यांचा या भागातील मुलांशी रोजचा परिचय असतो. पूर्व विदर्भातील हे तलाव बांधणारा म्हणून कोहळी समाजाचा लौकिक आहे. उतार, लांबी-रुंदी व पाण्याचे परिमाण यांचा अचूक अंदाज असल्याखेरीज असे काम उभे राहत नाही. गणिताचे व्यवहारज्ञान या मातीला परके नाही, असाच याचा अर्थ होय. दिघोरीसारख्या गावातील शिक्षकाला हेतुकथनासाठी दूरची उदाहरणे शोधावी लागू नयेत. पुढील तीन पाठ या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

पहिला पाठ : हातच्याची वजाबाकी

दुसरी-तिसरीच्या मुलांना ६२ मधून ३८ वजा करण्यास सांगितले असता काही मुले ३६ असे उत्तर लिहितात. एककाच्या घरात २ मधून ८ जात नाहीत, म्हणून ती ८ मधून २ वजा करून ६ लिहितात आणि दशकाच्या घरात ६ मधून ३ वजा करून ३ लिहितात. ही चूक आळसाची नव्हे. 'लहान अंक मोठ्या अंकातून वजा करावयाचा' असा नियम मुलाने स्वतःच तयार केलेला असतो आणि तो प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

अशा पाठाचे टाचणातील उद्दिष्ट 'विद्यार्थी दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी करतो' असे असते. तेच मुलांसमोर पुढीलप्रमाणे ठेवता येईल: 'सुटे कमी पडले तर एक दशक मोडून दहा सुटे करावयाचे आणि मग वजाबाकी करावयाची, हे आज आपल्याला जमले पाहिजे. जमले की नाही हे आपणच बेरीज करून पाहू.' या निवेदनात काय शिकावयाचे ते आहे आणि ते साधल्याची खूणही आहे. ३६ उत्तर आलेले मूल ३६ आणि ३८ यांची बेरीज करते, ती ७४ येते, ६२ येत नाही. चूक झाली हे त्याला शिक्षकांच्या लाल शाईवाचून कळते. २४ आणि ३८ मिळून ६२ होतात हे दिसले की उत्तराची खात्रीही त्याची स्वतःची असते. उद्दिष्टाबरोबर ताळ्याची रीत देणे हा हेतुकथनाचा अत्यंत महत्त्वाचा भाग होय.

दुसरा पाठ : सातबाऱ्यावरील दशांश

०.४ आणि ०.३५ यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारले असता अनेक मुले ०.३५ हे उत्तर देतात. पस्तीस हे चारापेक्षा मोठे, हा पूर्णसंख्यांतील अनुभव ती येथेही लावतात. 'आज दशांश अपूर्णांकांची तुलना' एवढेच हेतुकथन झाले तर हा गैरसमज पाठ संपेपर्यंत तसाच राहू शकतो.

शेतकऱ्याच्या घरातील मुलाने सातबाऱ्याचा उतारा पाहिलेला असतो, निदान त्याचे नाव तरी ऐकलेले असते. त्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर व आर यांत नोंदलेले असते. १०० चौरस मीटर म्हणजे १ आर आणि १०० आर म्हणजे १ हेक्टर. शिक्षकांनी दोन काल्पनिक शेतांची क्षेत्रे फळ्यावर लिहावीत, एकाचे ०.४ हेक्टर आणि दुसऱ्याचे ०.३५ हेक्टर, आणि सांगावे: 'यांतले मोठे शेत कोणते हे आज आपण ठरविणार आहोत. तास संपताना प्रत्येकाला नुसते उत्तर नव्हे, तर ते तसेच का हे शेजाऱ्याला पटवून देता आले पाहिजे.'

पुढे मुले हेक्टरचे दहा समान भाग करतात. त्यांतील चार भाग म्हणजे ४० आर आणि ०.३५ हेक्टर म्हणजे ३५ आर हे त्यांच्या ध्यानात येते. ०.४ आणि ०.४० यांचे मूल्य एकच, हेही ओघाने स्पष्ट होते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'अंक अधिक म्हणजे संख्या मोठी' हा गैरसमज गेला की 'अंक कमी म्हणजे संख्या मोठी' हा उलट गैरसमज काही मुलांच्या मनात शिरतो. म्हणून तासाच्या शेवटी ०.४ व ०.३५, ०.५ व ०.६२, ०.७ व ०.७० अशा तीन जोड्या द्याव्यात. तिन्ही जोड्यांची कारणासहित उत्तरे देणाऱ्या मुलाने उद्दिष्ट गाठले, असे निःशंकपणे म्हणता येईल.

तिसरा पाठ : उद्दिष्ट सांगावे, उत्तर सांगू नये

उद्दिष्टे आधीच सांगितल्यास मुलांचे कुतूहल संपते, असा एक आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. गणितातील पुष्कळ गोष्टी मुलांनी स्वतः शोधून काढल्या तरच त्यांच्या होतात. 'परिमिती समान असली तरी क्षेत्रफळ समान असतेच असे नाही, हे आज आपण शिकू' असे आरंभीच सांगून टाकले तर शोधण्यासारखे काही उरत नाही.

यावर उपाय म्हणजे हेतू प्रश्नाच्या रूपाने मांडणे. 'दोन बांध्यांच्या चारही बाजूंच्या धुऱ्यांची एकूण लांबी सारखी आहे. मग दोन्ही बांध्यांत जागाही सारखीच असेल काय? आज आपण मापून आणि आकडेमोड करून याचा निकाल लावू आणि आपला निकाल वहीत कारणासह लिहू.' एवढे निवेदन पुरेसे आहे. मुले २० मीटर लांब व १२ मीटर रुंद बांधीची परिमिती ६४ मीटर आणि क्षेत्रफळ २४० चौरस मीटर काढतात. १६ मीटर बाजूच्या चौरस बांधीची परिमितीही ६४ मीटरच येते, मात्र क्षेत्रफळ २५६ चौरस मीटर होते. २५ मीटर लांब व ७ मीटर रुंद अशा अरुंद बांधीतही परिमिती तीच राहते, पण क्षेत्रफळ १७५ चौरस मीटरवर येते. कोणता प्रश्न सोडवावयाचा आणि अखेरीस काय लिहून दाखवावयाचे हे मुलांना प्रथमपासून ठाऊक असते. निष्कर्ष मात्र त्यांच्या हातून निघतो.

संशोधनाची साक्ष

या विषयावरील संशोधन एकमुखी नाही आणि शिक्षकांनी ते समजून घेणे हितावह आहे. १९७२ मध्ये रॉथकॉफ व कॅप्लन यांनी उतारे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. उद्दिष्टे नेमक्या शब्दांत दिली असता त्यांच्याशी संबंधित भाग अधिक चांगला लक्षात राहतो, असे त्यांना आढळले. मात्र १९७३ मध्ये डशास्टेल व मेरिल यांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा परिणाम संमिश्र असल्याचे दिसले. काही अभ्यासांत लाभ दिसला, तर काहींत फरक आढळला नाही. उद्दिष्टांचा कागद हाती ठेवला म्हणजे अध्ययन सुधारते असे नव्हे, हा यातून घ्यावयाचा बोध होय.

मग लाभ केव्हा होतो? ऑस्ट्रेलियातील अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये तीन अटी मांडल्या. विद्यार्थ्याला अपेक्षित दर्जाची कल्पना असावी, आपले काम त्या दर्जाशी ताडून पाहता यावे आणि दोहोंतील अंतर कमी करण्यासाठी काही करता यावे. १९९८ मध्ये इंग्लंडमधील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी वर्गातील दैनंदिन मूल्यमापनावरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. विद्यार्थ्यांना ध्येयाची स्पष्ट कल्पना असल्याखेरीज ते स्वतःच्या कामाचे मूल्यमापन करू शकत नाहीत, यावर त्यांनीही भर दिला. ताळा, कारण पटवून देणे आणि अखेरच्या तीन जोड्या या गोष्टी हेतुकथनाशी जोडल्या पाहिजेत, त्या याच कारणास्तव.

एका खोलीत दोन इयत्ता

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असल्यास दोन शिक्षकांची तरतूद आहे. याचा अर्थ, लहान गावात व टोल्यावर एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता असणे अटळ ठरते. शिक्षक एका इयत्तेला शिकवीत असताना दुसऱ्या इयत्तेची मुले काय करतात, यावर अशा शाळेचे यशापयश बरेचसे अवलंबून असते. 'पान बत्तीसवरील उदाहरणे सोडवा' एवढ्या सूचनेवर मुले उदाहरणे उतरवून घेतात आणि वाट पाहत बसतात. त्याऐवजी काय साधावयाचे, ताळा कसा करावयाचा आणि अडल्यास कोणते सोडविलेले उदाहरण पाहावयाचे हे ठाऊक असेल तर तो वेळ सत्कारणी लागतो. बहुवर्ग अध्यापनात हेतुकथनाला दुसऱ्या शिक्षकाचे मोल येते, असे म्हटले तरी चालेल.

काही दिवस गैरहजर राहिलेल्या मुलालाही याचा आधार होतो. महिन्याची चार-पाच गणिती उद्दिष्टे सोप्या वाक्यांत वर्गात लावलेली असतील तर कोणती गोष्ट आपल्याकडून राहिली हे त्याला व त्याच्या पालकांना पाहता येते.

तासाची मांडणी

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात हेतुकथनाला तीन-चार मिनिटांपेक्षा अधिक वेळ देण्याचे कारण नाही. त्याचा क्रम साधारणतः पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

१. उद्दिष्ट एकच असावे आणि ते 'मला ... करता येईल' अशा वाक्यात बसावे. 'समजणे' व 'माहीत होणे' या शब्दांऐवजी मोजणे, मांडणे, तुलना करणे, कारण सांगणे, ताळा करणे अशी क्रियापदे वापरावीत.

२. भाषा मुलांची असावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांतील अनेक मुलांच्या घरची बोली झाडीबोली आहे. प्रमाण भाषेतील वाक्य फळ्यावर लिहावे, परंतु एक-दोन मुलांना ते स्वतःच्या बोलीत सांगण्यास लावावे. मुलाला ते आपल्या शब्दांत सांगता आले तरच ते पोहोचले असे समजावे.

३. एक बरोबर व एक चुकीचे सोडविलेले उदाहरण शेजारी शेजारी दाखवावे. त्यांतील बरोबर कोणते व का, हे मुलांनी सांगावे. शोधाच्या पाठात मात्र ही पायरी शेवटी घ्यावी.

४. तासाच्या मध्यावर क्षणभर थांबून 'आपण कोठवर आलो?' असे विचारावे.

५. शेवटची पाच मिनिटे एक-दोन छोट्या उदाहरणांसाठी राखून ठेवावीत. त्यांची उत्तरे पाहून दुसऱ्या दिवशीचा पाठ पुढे न्यावयाचा की तोच पुन्हा घ्यावयाचा, हे ठरवावे.

पाचवी बाब पाळली नाही तर आधीच्या चारही निष्फळ ठरतात. मुलांना उद्दिष्ट सांगणे म्हणजे त्यांच्याशी एक करार करणे होय आणि तो पुरा झाला की नाही हे न पाहता पुढच्या पाठाकडे वळणे म्हणजे तो मोडणे होय.

पर्यवेक्षक आणि पंचायत

चांगल्या कल्पनेचे परिपत्रकात रूपांतर झाले की ती फळ्याच्या कोपऱ्यातील एका ओळीत बंदिस्त होते, असा अनुभव आहे. अध्ययन निष्पत्तीचे वाक्य क्रमांकासह फळ्यावर उतरविले म्हणजे काम झाले, अशी समजूत रूढ होण्याचा धोका येथेही आहे. केंद्रप्रमुख व शिक्षण विस्तार अधिकारी यांनी शाळाभेटीत फळ्यावरील ओळ तपासण्याऐवजी मागच्या बाकावरील एखाद्या मुलाजवळ बसून दोन प्रश्न विचारावेत: 'आज काय शिकता आहात?' आणि 'ते जमले हे तुला कसे कळेल?' पहिल्या प्रश्नाला पाठाचे नाव व दुसऱ्याला मौन मिळाले, तर फळ्यावर कितीही सुवाच्य ओळ असली तरी हेतुकथन झालेले नाही. अशा वेळी दोषारोप न करता तोच पाठ शिक्षकांसमवेत बसून मांडावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या वर्गांत आणि केंद्राच्या शिक्षण परिषदांत अशा मांडणीचा सराव घेता येईल.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही यात स्थान आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि स्थानिक प्राधिकरणाच्या निर्वाचित प्रतिनिधींचाही तिच्यात समावेश असतो. समितीच्या बैठकांत खोल्या, कुंपण व पोषण आहार यांची चर्चा होणे स्वाभाविक आहे. त्याबरोबरच 'या महिन्यात चौथीच्या मुलांना गणितात काय यावयास हवे?' हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारला जावा आणि शिक्षकांनी त्याचे उत्तर सर्वांना समजेल अशा दोन-तीन वाक्यांत द्यावे. ज्या मातेला शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही, तिलाही 'सुटे कमी पडले तर दशक मोडावयाचे' हे कळते, कारण बाजारात दहाची नोट मोडून सुटे घेण्याचा व्यवहार ती नित्य करीत असते. घरी ती मुलाला 'दाखव पाहू' असे म्हणू शकते.

शाळेची इमारत, पुस्तके व साधने यांसाठी निधी लागतो, मंजुरी लागते आणि वाट पाहावी लागते. गणिताच्या तासाचा हेतू मुलाला विश्वासात घेऊन सांगण्यासाठी यांपैकी कशाचीच आवश्यकता नाही. आपण कोठे निघालो आहोत हे मुलाला ठाऊक असेल तर वाट चुकल्याचेही त्याला कळते आणि ती सुधारण्याचा प्रयत्न ते स्वतः करू लागते. हा प्रयत्न सुरू होणे हेच हेतुकथनाचे खरे फलित होय.